उपासकाळातल्या चपला

"...आणि मीठ? यंदा मीठही सोडू का, फादर?"

म्हातारे फादर लसूण सोलत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"मिठानं तुझं काय वाकडं केलंय?"

नथू गोंधळला. राखेच्या बुधवारची मिस्सा, चर्चमधली मोठी प्रार्थना, नुकतीच आटोपली होती. कपाळावरचा राखेचा क्रूस अजून पुसला गेला नव्हता. आजपासून ईस्टरपर्यंत चाळीस दिवसांचा उपासकाळ. असल्या दिवशी फादर चेष्टा करतील, असं त्याला वाटलं नव्हतं.

"मटण सोडलंय," तो म्हणाला. "अंडी सोडली. दूध, चहा सोडला. एकदाच जेवायचं, तेही सूर्य मावळल्यावर. निजायचं जमिनीवर. आणि पायात काही घालायचं नाही... ते तर दरवर्षीचंच."

"मग राहिलं काय?"

"पाणी."

"पाण्याचं अजून काही ठरलं नाही?"

नथूनं पायाच्या बोटानं माती उकरली.

नथानियल अमोलिक हे त्याचं नाव. गावात सगळे नथू म्हणत. लहानपणी तो मिशनच्या बोर्डिंगात होता. तिथं याच फादर लूकसांनी त्याला आधी बाराखडी शिकवली, मग प्रार्थना, आणि मिसरूड फुटल्यावर मिशनचा जुना ट्रॅक्टर. आता फादर ऐंशीच्या पुढं गेले होते. चर्चची जबाबदारी दुसऱ्याकडं गेली होती. ते मागच्या दोन खोल्यांत राहत, कडुनिंबाखाली खुर्ची टाकून बसत, आणि स्वयंपाकिणीचं निवडणं-सोलणं करून देत.

नथूचा उपास पंचक्रोशीत माहीत होता. गेली सात वर्षं उपासकाळात दर शुक्रवारी क्रुसाच्या वाटेची प्रार्थना व्हायची, तेव्हा लाकडी क्रूस त्याच्या खांद्यावर असायचा. मार्चचं ऊन, तापलेला मुरूम, आणि नथू अनवाणी. बायका आपल्या नवऱ्यांना म्हणत, "उपास करावा तर नथूभाऊनं." नथूच्या कानावर ते यायचं. ऐकलं नाही असं दाखवायची सवय त्यानं लावून घेतली होती.

"तुम्हाला तर सगळं ठाऊक आहे, फादर," तो शेवटी म्हणाला. "मी हे कशापायी करतो. दरवर्षी पापनिवेदनाला बसतो तेव्हा सांगतो."

"तू विषय काढलास म्हणून बोलतो," फादर म्हणाले. "सात वर्षं एकच पाप सांगतोस. माझ्यामुळं एक माणूस गेला. पहिल्याच वर्षी मी तुला देवाची माफी दिली होती."

"हो."

"ती कुठं ठेवलीस?"



फादरांनी लसणाची साल फुंकरीनं उडवली.

"तुळशीराम काय म्हणतो?"

"कोण?"

"कोण म्हणून विचारतोस?"

नथूनं खाली पाहिलं. तुळशीराम सातपुते चांभार. एसटी स्टँडजवळ त्याचं पत्र्याचं दुकान होतं. दिगंबर त्याचा एकुलता एक मुलगा. सात वर्षांपूर्वी, जानेवारीतल्या एका संध्याकाळी, दिगंबर शहरातून मोटरसायकलवर चामड्याचं गाठोडं बांधून येत होता. नथू उसाच्या दोन ट्रॉल्या घेऊन कारखान्याकडं निघालेला. दोन ट्रॉल्यांमधली पिन तुटली म्हणून तो रस्त्याच्या कडेला थांबला. दिवस नुकताच मावळला होता. दिगंबरची गाडी मागच्या ट्रॉलीवर येऊन आदळली. दवाखान्यात नेईपर्यंत तो राहिला नाही. चोवीस वर्षांचं वय.

कोर्टानं नथूला निर्दोष सोडलं.

तेव्हापासून तो स्टँडवरून गेला नव्हता. बाजाराला जायचं तरी कालव्याच्या कडेनं, लांबचा फेरा घेऊन जायचा.

"सात वर्षं तू देवाकडं येतोयस," फादर म्हणाले. "त्याच्याकडं?"

"तिथं जाऊन काय करू?"

"चपला शिवून घे."

"...काय?"

"मीठ खा. आणि तुळशीरामाकडून चपला शिवून घे. यंदाचं प्रायश्चित्त मी नेमून देतो, तू नाही."

"उपासकाळात चपला?" नथूचा आवाज चढला. "सात वर्षांत मी एक दिवस पायात काही घातलं नाही, फादर. लोक काय म्हणतील?"

फादरांनी पहिल्यांदा मान वर करून त्याच्याकडं पाहिलं.

"हां. म्हणजे हे सोडायचं राहिलं होतं तर."

*

नथू चिडून घरी आला. दोन शुक्रवार गेले. त्यानं मीठ सोडलंच होतं. दोन्ही शुक्रवारी क्रूसही वाहिला. फादर म्हातारे झालेत, असं त्यानं बायकोला सांगितलं.

बायको रूथ चुलीपुढं होती. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"एक बोलू का?"

"बोल."

"तुमच्या या चाळीस दिवसांत घरात मयत असल्यासारखं असतं. एस्तेर शाळेतनं हसत येते आणि दारात आली की आवाज बारीक करते. ती बारा वर्षांची आहे. पाच वर्षांची होती तेव्हापासून करते." रूथनं भाकरी उलटली. "मी कधी बोलले नाही. तुम्ही देवासाठी करताय म्हणून."

नथू अंगणात जाऊन बसला. दुसऱ्या दिवशी दुपारी तो कालव्याच्या कडेनं न जाता सरळ रस्त्यानं निघाला.

दुकानात ओल्या चामड्याचा वास भरून राहिला होता. तुळशीराम खाली मान घालून एका वहाणेचा अंगठा शिवत होता. केस सगळे पांढरे झाले होते. कोर्टात पाहिला तेव्हा काळे होते.

"चपला पाहिजेत," नथू म्हणाला.

"बस. पाय ठेव."

तुळशीरामानं जमिनीवर जाड कागद पसरला. कानावरची पेन्सिल काढली. नथूनं उजवा पाय कागदावर ठेवला. तुळशीरामानं घोट्याला धरून तो सरळ केला, आणि तळव्याकडं पाहून थांबला.

"एवढा कशानं फुटलाय?"

"अनवाणी चालतो."

"का?"

"...उपास आहे."

"पायांचा?"

पेन्सिल टाचेपासून निघाली, करंगळीकडं सरकू लागली.

"तू अमोलिक ना?" तुळशीरामानं वर न पाहता विचारलं. "ट्रॅक्टरवाला."

नथूचा पाय आपोआप मागं गेला. तुळशीरामाची पकड घट्ट झाली.

"हलू नकोस. रेघ बिघडते."

पेन्सिल अंगठ्याला वळसा घालून खाली आली. पुन्हा टाचेला मिळाली.

"दुसरा."

नथूनं डावा पाय ठेवला. तो थरथरत होता. तुळशीरामानं तो दोन्ही हातांत धरला, हिवानं कुडकुडणारं कोकरू धरावं तसा, आणि थरथर कमी होईपर्यंत थांबला.

"आधी तुझ्यावर राग होता माझा," तो म्हणाला. "दोन वर्षं होता. मग वकिलानं निकालाचा कागद वाचून दाखवला. तुझ्या ट्रॉलीचा मागचा लाल दिवा पेटलेला होता, पोरगाच भरधाव आला, असं लिहिलंय त्यात. मग राग कुणावर करायचा?"

पेन्सिल चालत होती.

"खरं सांगू? घाई मीच लावली होती त्याला. दिवस मावळायच्या आत ये म्हटलं होतं. माझं ऐकायचा तो. म्हणून पळवली असेल गाडी... झालं. पंधरा दिवसांनी ये."

नथू बाहेर आला. घरी जायचा रस्ता कुठला, हे त्याला क्षणभर समजेना.

*

"दिवा फुटका होता."

शुक्रवार होता. फादर खुर्चीत बसले होते. नथू उभाच होता.

"काय म्हणालास?"

"मागच्या ट्रॉलीचा लाल दिवा. आठ दिवस फुटका होता. रोज म्हणायचो, उद्या बसवू. एखादं लाल फडकं बांधायचं, तेही बांधलं नव्हतं. मालक म्हणाला, वकील म्हणाला, दिवा चालू होता म्हण, धडकेत फुटला म्हण. मी शपथेवर तसं सांगितलं. आणि पोरगा भरधाव होता, हेही सांगितलं."

"होता?"

"नव्हता, फादर. मी पान्हा घेऊन कडेला उभा होतो. मी पाहिलं. बेतानंच येत होता. त्याला ट्रॉली दिसलीच नाही."

फादरांच्या मांडीवरचे हात हलले नाहीत.

"हे मला कधी सांगितलं नाहीस."

"नाही."

"सात वर्षं."

"माणूस मेला एवढं सांगत होतो. वाटलं, त्यातच सगळं आलं."

फादरांनी काठीकडं हात नेला.

"तो म्हातारा म्हणतो, घाई मीच लावली." नथू म्हणाला. "तो स्वतःला खातोय, फादर. माझ्या खोट्यापायी. तुम्ही सांगाल ते करतो. पाणी सोडतो. गुडघ्यांवर चालत जत्रेला जातो. पण हे त्याच्यापुढं जाऊन सांगायला लावू नका. तुम्हाला हात जोडतो."

फादर उठले. काठी टेकत आत गेले. नथूला वाटलं, ते आता बोलणार नाहीत. त्यानं पायरीवर बसकण मारली.

थोड्या वेळानं फादर बाहेर आले. हातात ताटली. ताटलीत भाकरी, लसणाची चटणी, आणि कडेला चिमूटभर मीठ.

"खा."

"आज शुक्रवार आहे, फादर. अजून सूर्य..."

"खा. रिकाम्या पोटी माणूस खरं बोलायला निघतो आणि अर्ध्या वाटेत घेरी येऊन पडतो. मग लोक त्याला पाणी पाजतात, वारा घालतात, आणि खरं बोलायचं राहून जातं."

नथूनं घास मोडला. दोन आठवड्यांनी तोंडात मीठ गेलं. त्याच्या डोळ्यांतून पाणी येऊ लागलं. तो खात राहिला. फादर समोर बसून राहिले, भाकरीचा शेवटचा तुकडा संपेपर्यंत.

"तुम्ही याल माझ्याबरोबर?"

"नाही."

"का?"

"मी आलो तर तो माझ्याशी बोलेल."

*

नथू तसाच, खरकटे हात धोतराच्या सोग्याला पुसत, दुकानात गेला.

तुळशीराम रापीनं टायरचा तळ कापत होता. "पंधरा दिवस झाले नाहीत अजून," तो म्हणाला.

"तात्या, दिवा फुटका होता."

रापी थांबली.

"परत सांग."

"दिवा फुटका होता. आठ दिवस. मी बसवला नाही. कोर्टात खोटं बोललो. दिगंबर जोरात नव्हता. बेतानं येत होता. त्याला ट्रॉली दिसली नाही."

"परत सांग."

नथूनं परत सांगितलं. तुळशीराम उठला. त्याच्या हातात धारेची रापी होती. नथूनं ती पाहिली आणि तो जागचा हलला नाही. जे होईल ते होऊ दे, असं त्याला वाटलं, आणि त्या वाटण्यात त्याला थोडं बरंही वाटलं. एका घावात सुटका.

तुळशीरामानं रापी चामड्यावर ठेवली. नीट, धार आतल्या बाजूला करून.

"मी पोलीस चौकीत जातो," नथू म्हणाला. "कोर्टात जाऊन सांगतो. जेल झाली तर जेल."

"तुला जायचं तिथं जा. माझा दिगू कोर्टात नाही राहिला." तुळशीरामानं त्याचं मनगट धरलं. "तो इथं लहानाचा मोठा झाला. या स्टँडवर. इथं लोक म्हणतात, पोरगं भारी बेफाम होतं. माझ्या तोंडावर म्हणतात, हळहळून म्हणतात. चल."

त्यानं नथूला ओढत बाहेर नेलं. चहाच्या टपरीवर दहा-बारा माणसं होती. एसटीची वाट पाहणाऱ्या बायका होत्या. चर्चच्या कमिटीतले दोघे बाकावर बसले होते. नथूनं त्यांना ओळखलं, त्यांनीही त्याला.

"इथं सांग."

नथूनं सांगितलं. पहिल्यांदा आवाज फुटेना. कुणीतरी म्हणालं, "मोठ्यानं बोल की." मग त्यानं मोठ्यानं सांगितलं. दिवा, आठ दिवस, शपथ, सगळं. शेवटी म्हणाला, "दिगंबर सातपुते बेतानं गाडी चालवत होता. चूक माझी होती. त्याची नव्हती. त्याच्या बापाची नव्हती."

टपरीवाल्यानं स्टोव्ह बारीक केला. एक म्हातारी बाई तोंडाला पदर लावून तुळशीरामाकडं पाहत राहिली.

तुळशीरामानं त्याचं मनगट सोडलं. बोटांचे वळ उठले होते. तो दुकानात गेला आणि त्यानं आतून फळ्या लावून घेतल्या.

त्या दिवशी नथू पोलीस चौकीतही गेला. हवालदारानं जबाब लिहून घेतला, दोनदा वाचून दाखवला, आणि साहेब बोलावतील तेव्हा यायचं म्हणून सांगितलं. ट्रॅक्टरच्या मालकानं दुसऱ्या सकाळी निरोप धाडला, उद्यापासून येऊ नकोस.

*

पुढचे दिवस अवघड गेले. रस्त्यात माणसं बोलायची थांबत. एका शेजाऱ्यानं विचारलं, "मग इतकी वर्षं अनवाणी कशाला हिंडलास रे बाबा?" त्यात कुचेष्टा नव्हती. त्याला खरंच कळत नव्हतं. नथूला तरी कुठं कळत होतं.

शुभ शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, आदल्या दिवशी कमिटीचा माणूस घरी आला. दारातच उभा राहिला. "यंदा क्रूस दुसऱ्या कुणाकडं द्यावा असं ठरतंय. तुम्ही मनावर घेऊ नका."

"नाही घेत," नथू म्हणाला. आणि सात वर्षांत पहिल्यांदा त्यानं खरंच मनावर घेतलं नव्हतं.

शुभ शुक्रवारी तो सगळ्यांच्या मागं चालला. क्रूस पुढं कुठंतरी होता, गर्दीत दिसतही नव्हता. मागं लंगडणारी माणसं होती, कडेवर पोरं घेतलेल्या बाया होत्या, फडावरून थेट आलेला एक ऊसतोडीचा गडी होता, त्याच्या बाह्यांवर पाचटाचे ओरखडे होते. क्रूस खांद्यावर असताना नथूला हे कधीच दिसलं नव्हतं. त्याला फक्त पुढचा रस्ता दिसायचा, आणि दोन्ही बाजूंचे डोळे.

एस्तेर त्याच्या शेजारी चालत होती. प्रार्थनेच्या थांब्यांमध्ये सगळे गात होते. तीही गात होती. आवाज बारीक न करता.

"तुला एवढं गाता येतं?" त्यानं विचारलं.

तिनं चमकून बापाकडं पाहिलं. "शाळेत गाण्यात पहिला नंबर आलाय माझा, पप्पा. गेल्या महिन्यात."

"सांगितलं नाहीस."

"सांगणार होते," ती म्हणाली. "पण तुम्ही..."

तिनं वाक्य पुरं केलं नाही. नथूनं तिचा हात धरला. पुढचं गाणं त्यानंही म्हटलं. त्याला सूर नव्हता. एस्तेर खाली मान घालून हसली. तो गात राहिला.

शनिवारी सकाळी एसटीच्या कंडक्टरकडून निरोप आला. चपला तयार आहेत.

*

दुकानाच्या फळ्या उघड्या होत्या. आत भिंतीवर नवा खिळा ठोकला होता, आणि खिळ्याला फोटो. मिशीची कोवळी रेघ, तेल लावून बसवलेले केस, नवा शर्ट. ताजा झेंडूचा हार.

नथूनं फोटोकडं पाहिलं. हात जोडले.

"सात वर्षं पेटीत होता," तुळशीराम म्हणाला. "बाहेर लावला की गिऱ्हाईक विचारायचं. हा तोच का, जोरात यायचा तो? म्हणून काढून ठेवला. परवा काढला बाहेर. काल एक गिऱ्हाईक आलं, म्हणालं, तात्या, पोरगं देखणं होतं हो तुमचं."

त्यानं चपला पुढं ठेवल्या. जाड तळ, दुहेरी शिवण, अंगठ्याशी बारीक वेणी. दुकानात टांगलेल्या बाकीच्या चपलांहून त्या वेगळ्या नव्हत्या. तितक्याच चांगल्या होत्या.

"घाल."

नथूनं घातल्या. भेगांना थंडगार चामडं लागलं.

"चालून बघ."

तो दुकानाच्या दारापर्यंत गेला आणि परत आला. तुळशीराम त्याच्या पावलांकडं कारागिराच्या नजरेनं बघत होता.

"टाच?"

"बरोबर आहे."

"पट्टा?"

"थोडा आवळतोय."

"सैल होईल. तेल लाव."

बाहेर एसटी आली, माणसं उतरली, एसटी गेली.

"तात्या..."

"माफ केलं का, ते विचारू नकोस," तुळशीराम म्हणाला. "मला माहीत नाही. सकाळी वाटतं केलं. दुपारी वाटतं, नाही केलं."

"नाही विचारत."

"पण परवा मी झोपलो," तो म्हणाला. "उजाडेपर्यंत."

*

ईस्टरची सकाळ. मिस्सा संपून माणसं घरोघर पांगली होती. कडुनिंबाला कोवळी पालवी फुटली होती, आणि म्हाताऱ्या फादरांच्या पांढऱ्या झग्यावर बारीक फुलं पडत होती. ते ती झटकत नव्हते.

नथू समोर येऊन उभा राहिला. पायात चपला.

"ये. बस. सण आहे, काही खाल्लंस का?"

"घरी चहा प्यालो. रूथनं दोनदा केला. एस्तेरनं सगळ्या गल्लीला गाणं ऐकवलं." तो पायरीवर बसला. बोलू की नको, असं त्याचं चाललं होतं. "फादर, आज सकाळी मी मोठ्यानं हसलो. कशाला ते आठवत नाही. हसून झाल्यावर भीती वाटली."

"कशाची?"

"मला हसायचा हक्क आहे का याची. काम गेलंय. चौकीतनं कधीही बोलावणं येईल. तात्या म्हणतो, माफ केलं की नाही ते माहीत नाही."

"खरं बोलला तो."

"आणि तरी..." नथूनं छातीवर हात ठेवला. "इथं काहीतरी हलकं झालंय. कुणी बाहेरून कडी काढावी तसं. हे बरोबर आहे का?"

फादरांनी मान हलवली. ती होकाराची की नुसतीच, हे कळलं नाही.

"मग माझं प्रायश्चित्त झालं का, फादर? पुरं झालं का?"

फादर त्याच्याकडं बघत राहिले. मग सावकाश हसले. बोर्डिंगात असताना नथूनं पहिल्यांदा ट्रॅक्टर सरळ रेषेत चालवला होता, तेव्हा हसले होते तसे.

"उद्या काय करतोस?"

"उद्या? काही नाही. हाताला काम कुठं आहे."

"मग सकाळी तुळशीरामाकडं जा."

नथू चक्रावला.

"कशाला? चपला झाल्या. सांगायचं होतं ते सांगून झालं. आता तिथं माझं काही काम राहिलं नाही."

"काहीच नाही?"

"काहीच नाही."

"म्हणूनच जा."